पंगतीतली एकोणिसावी

श्रीसहजनाथ महाराज आंबेखोऱ्याला आले ते चार दिवसांसाठी, आणि राहिले बारा वर्षे. वेशीबाहेर दौलतराव इनामदारांचे भाताचे जुने गोदाम रिकामे पडले होते, त्यात महाराजांनी बिऱ्हाड केले. भक्तांना वाटले, आता मठ होणार, पालखी निघणार. महाराजांनी काय करावे? धनगरवाड्यातून, कातकरी वस्तीतून, मोळीविक्यांच्या झोपड्यांतून मुली गोळा केल्या आणि मुलींचे बोर्डिंग काढले. कोणी विचारले, "महाराज, देव कुठे बसवायचा?" तर महाराज म्हणाले, "बसलाय की. पाटीवर अक्षरं गिरवतोय. तुम्हाला दिसत नाही, त्याला मी काय करू?"

ही गोष्ट घडली त्या वर्षी बोर्डिंगात अठरा मुली होत्या. आल्या तेव्हा माणूस दिसले की खांबाआड लपायच्या; आता गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या. आधीच्या खेपेतली एक तर साताऱ्याला नर्सिंगला लागली होती. गावात घरटी रोज एक मूठ नाचणी बोर्डिंगसाठी बाजूला काढून ठेवायची पद्धत महाराजांनी पाडली होती, त्यावर सगळे भागे.

रांधायला बयाक्का. नवरा गेल्यावर दिराने घराबाहेर काढलेली बाई, महाराजांच्या पायाशी आली ती तिथलीच झाली. तिला आकडे येत नसत. पाचाच्या पुढे गाडी अडायची. म्हणून भाकऱ्या थापताना ती एकेका मुलीचे नाव घेई. "ही रखमीची, ही सोनीची, ही भिवराची." नावे संपली की भाकऱ्या संपल्या. इतक्या वर्षांत एक कमी नाही की जास्त नाही.

दौलतराव मात्र तिची टर उडवायचे. चावडीवर बसून म्हणायचे, "जिला स्वतःची बोटं मोजता येईनात, ती बोर्डिंग चालवते म्हणे. आणि शेरडांमागं फिरणाऱ्या पोरी मास्तरीण होणार!" चारजण हसत. बयाक्का पदर सावरून निघून जाई.

मार्गशीर्षातली गोष्ट. एका संध्याकाळी नावे संपली, तरी परातीत एक उंडा उरला. बयाक्काला वाटले, पीठ जास्त पडले असेल. तिने भाकरी थापली आणि पंगतीच्या टोकाला एका ताटात ठेवली, कुणाला हवी तर घेईल म्हणून. जेवणे झाली तेव्हा ते ताट रिकामे होते. मुलींना विचारले, तर कुणीच घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने पीठ मुद्दाम कमी घेतले. नावे संपली, आणि परातीत एक उंडा उरलाच.

मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. टोकाला बसणारी भिवरा म्हणाली, "आक्का, चटई तीच आहे, पण हल्ली अंग चोरून बसावं लागतं. जागाच पुरत नाही." सावलीवरसुद्धा भुंकणारे दारातले कुत्रे पंगतीच्या त्या रिकाम्या टोकाकडे बघून शेपूट हलवी. सकाळी अठरा ताटे साधी घासलेली असत, आणि एकोणिसावे राखेने इतके लख्ख घासलेले, की त्यात तोंड दिसावे. ते कोणी घासले हे कुणालाच ठाऊक नव्हते.

बयाक्का महाराजांकडे गेली. तिने सगळे सांगितले, तेव्हा महाराजांनी विचारले,

"भ्यालीस?"

"होय महाराज."

"कोण आहे ते मला ठाऊक आहे. पण मी सांगून भागायचं नाही. ज्यानं ओळखायचं त्यानंच ओळखलं पाहिजे. तू वाढत जा. उपाशी पोराला आधी नाव विचारू नये."

गावात बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? दौलतराव दोन माणसे घेऊन आले. "गावाच्या मुठीचं धान्य ही बाई बाहेर पोचवते आणि वर भुताचं नाव सांगते. उद्या दिवेलागणीला मी स्वतः येणार. पोरी अठरा आणि भाकऱ्या एकोणीस निघाल्या, तर गोदामाला कुलूप. पोरी ज्यांच्या त्यांच्या घरी." बयाक्काने महाराजांकडे पाहिले. महाराज एवढेच म्हणाले, "गोदाम त्यांचं आहे."

दुसऱ्या दिवशी अठरा नावे संपली, आणि परातीत उंडा होताच. तो गाईच्या पाटीत टाकला असता तर सगळे निभावले असते. बोर्डिंग मोडले की रखमीचे पंधरा दिवसांत लग्न लागणार होते, सोनी परत शेरडांमागे जाणार होती. बयाक्काला हे सगळे कळत होते हो! तिने उंडा उचलला, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. आपल्या चुलीशी येऊन एक जीव उपाशी जाईल, हे तिच्याने सोसवेना. डोळे पुसत तिने भाकरी थापली. "आणि ही तुझी, बये. तू कोण का असेनास."

दिवेलागणीला दौलतराव कंदील घेऊन आले. भाकऱ्या मोजल्या, एकोणीस. "बघा," ते सोबत्यांना म्हणाले, "हातच्या कांकणाला आरसा कशाला." मग बोट दाखवत त्यांनी मुली मोजल्या. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस.

ते थांबले. उलट्या टोकाने पुन्हा मोजल्या. एकोणीस. त्यांनी मुलींना भिंतीशी उभे करून एकेकीला नाव विचारले, तेव्हा अठरा भरल्या. बसवल्या की एकोणीस. दोघे सोबती वहाणा तिथेच टाकून पळाले.

दौलतराव कंदील धरून पंगतीच्या कडेने चालू लागले. टोकाला एक पोर खाली मान घालून हळूहळू भाकरी खात होती. तिचे हात कोपरापर्यंत राखेने माखले होते. तिने मान वर केली.

"धनी," ती म्हणाली, "भांडी घासून झाली. मग आले."

ती ठकू होती. दौलतरावांच्या घरी राबणारी, आईबापांविना वाढलेली धनगराची पोर. वर्षापूर्वी महाराज स्वतः तिला बोर्डिंगात मागायला गेले होते, तेव्हा दौलतरावांनी दारातूनच वाटेला लावले होते. कंदिलाची ज्योत फडफडली आणि पुन्हा सरळ झाली. टोकाला कुणी नव्हते. ताट रिकामे होते.

ते धावतच घरी गेले. इनामदारीणबाई म्हणाल्या, "ठकू ना? आठ दिवस गोठ्यात तापानं पडलीये. अन्नाला शिवत नाही. मेली ढोंगं करते." दौलतराव गोठ्यात शिरले. कडब्यावर ठकू पडली होती, अंग चुलीसारखे तापलेले. डोळे मिटून ती पुटपुटत होती, "ही रखमीची, ही सोनीची, ही भिवराची." त्या मुलींना तिने जन्मात पाहिले नव्हते. तिच्या ओठांच्या कडेला नाचणीचा ओला कण होता.

दौलतरावांनी तिला उचलले. घरच्या गड्यामाणसाला कधी हात न लावणारा तो माणूस त्या पोरीला छातीशी धरून भर रस्त्याने वेशीबाहेर आला, आणि तिला बयाक्काच्या मांडीवर ठेवून महाराजांच्या पायांवर कोसळला.

महाराजांनी पाय मागे घेतले. "माझा काय अपराध केलात तुम्ही? जिचा केलात तिच्याकडे जा."

दौलतराव गुडघ्यांवर सरकत ठकूपाशी आले. बयाक्काने तिच्या कपाळावर महाराजांच्या धुनीतला अंगारा लावला होता. ठकूने डोळे उघडले. समोर धनी बसलेले पाहून पोर दचकली आणि धडपडत उठू लागली.

"उठते, धनी. आता घासते."

दौलतरावांनी डोक्यावरचा रुमाल काढला, आणि त्या दहा वर्षांच्या पोरीच्या पायांवर डोके ठेवले. बयाक्का "उठा धनी" म्हणत राहिली, पण ते बराच वेळ उठले नाहीत.