मागून दिलेलं उत्तर

"नर्स ठेवली की धडधाकट माणसंही आजारी पडायला लागतात. पण हे सूनबाईच्या कानावर जाऊ देऊ नकोस," आनंदराव मुलाच्या कानाशी लागून म्हणाले, आणि ते आत स्वयंपाकघरात शलाकाला स्पष्ट ऐकू आलं.

ती गोंधळली. नर्सिंग शिकलेल्या बायकोला वडिलांच्या पत्र्याच्या कारखान्यात कामगारांची तब्येत बघायला घ्यावं, असं अजितचं म्हणणं होतं. ते मामंजींना पटत नसेल तर नसो, पण गुपित इतकं ओरडून कोण सांगतं? तसे या घरात सगळेच ओरडून बोलत. सासूबाई 'चहा घ्या' म्हणाल्या तरी भांडण काढल्यासारखं वाटे. लग्नाला महिना झाला, तरी आपलं काय चुकतंय तेच तिला कळेना.

जेवताना मामंजींनी अजितला बजावलं, "तीस वर्षं त्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या धडधडाटात काढलीत मी. कामानं बिघडलेला एक माणूस दाखव, उद्याच नर्स ठेवतो."

त्यांच्या पाठीमागे भाकरी घेऊन उभी असलेली शलाका म्हणाली, "मी दाखवते, मामंजी."

ते आमटी भुरकत राहिले. ती पुन्हा म्हणाली, तरी तेच. मग तिच्या डोक्यात लख्ख उजाडलं, आणि तिसऱ्यांदा ती मुद्दाम म्हणाली. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"हसायला काय झालं?" मामंजींनी विचारलं.

शलाका समोर आली, त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "मामंजी, माणूस दाखवते असं मी मागून तीनदा म्हणाले. इथं सगळ्यांना ऐकू आलं, एक माणूस सोडून."