रंगरावाच्या कोंबड्या

“कुणी केलं ते सांगताय का न्हाई?”

रंगराव धुमाळाने कोंबडी दावलबाबांच्या पुढ्यात आपटली. ठेवली नाही, आपटली. बिचारी फडफडत बाबांच्या गोधडीखाली शिरली.

माळावरच्या आमच्या तकियात, पिराच्या ठाण्यात, माणसं येतात ती चपला बाहेर काढून, आवाज खाली करून. हा गडी चपलांसकट आत. मी, बाबांचा चेला, झाडू घेऊन उभा होतो. हातातला झाडू हातातच ठेवणं मला फार जड गेलं.

बाबांनी कोंबडी हळूच काढून मांडीवर घेतली. पाठीवर पीस म्हणून नव्हतं. नुसती लाल कातडी आणि तिच्यावर ओरखडे.

“सगळ्यांचं असंच?” बाबांनी विचारलं.

“समद्यांचं. घरात एक कोंबडी धड राहिली न्हाई. सून आली आन् पिसं जायला लागली. आता तुम्हीच समजा काय ते.”



मला राहवेना. “अहो, वर्षातनं एकदा कोंबड्या पिसं झाडतात. परत येतात ती.”

“तुला इचारलं का रं?”

“पिसवा झाल्या असतील मग.”

“राख चोळली, धूर दिला, खुराडं धुऊन काढलं. पिसवा न्हाईत. नजर हाय ही. मंदाची नजर! तिच्या बापाला बोलावणं धाडलंय, आज घिऊन जाईल तिला. बाबांनी सांगितलं एवढंच मी म्हणलो, की त्यो म्हातारा तोंड उघडायचा न्हाई.”

म्हणजे एवढ्यासाठी स्वारी आली होती! निकाल घरीच लागला होता, वर शिक्का तेवढा बाबांचा हवा होता. कोंबडीच्या पिसांवरून लोकाच्या पोरीला घराबाहेर काढायचं, आणि नाव पिराचं! माझं डोकंच फिरलं.

बाबा कोंबडी चाचपत होते. छातीवरची पिसं जागच्या जागी होती. पोटावरची, शेपटीची शाबूत. गेली होती ती फक्त पाठीवरची आणि मानेमागची.

“घरी चल,” बाबा म्हणाले.

रंगराव खूश. बाबा चार माणसांसमोर बोलणार म्हणून वाटेत त्याची छाती फुगली होती. मी मागून चाललो होतो, आणि मनातल्या मनात त्याला जे जे म्हणत होतो ते इथे सांगण्यासारखं नाही.

अंगणात मंदाची पत्र्याची ट्रंक बाहेर आणून ठेवलेली होती. तिचा बाप पायरीवर टोपी हातात घेऊन बसला होता. म्हातारा माणूस, उन्हातून चालत आलेला. त्याला तांब्याभर पाणी कुणी विचारलं नव्हतं. रंगरावाचा मुलगा सुदाम दाराशी उभा, मान खाली. आपल्या बायकोला आपला बाप घालवतोय, आणि हा जमिनीकडे बघतोय! मंदा भिंतीला टेकून उभी होती. रडून रडून पोरीचे डोळे सुजले होते.

“बाबा आलेत,” रंगराव व्याह्याला म्हणाला. “ऐका आता त्यांच्याच तोंडून.”

“कोंबड्या कुठायत?” बाबांनी विचारलं.

कोंबड्या बैलगाडीच्या खाली होत्या. एकमेकींना चिकटून, उघड्या पाठी घेऊन बसलेल्या.

“दाणे टाक.”

रंगरावाने मूठभर ज्वारी फेकली. एकही कोंबडी हलली नाही…

आला तो कोंबडा. गोठ्यामागून, अगदी सावकाश. तुरा लालजर्द, शेपटी कमानदार, अंगावरचं एक पीस इकडचं तिकडे नाही. त्याने निवांत टिपायला सुरुवात केली. एका कोंबडीला भूक आवरली नाही. ती चोरपावलांनी कडेकडेने आली आणि तिने एक दाणा उचलला. त्यासरशी कोंबडा तिच्यावर झेपावला. चोचीत मान धरली, नखं पाठीत रोवली. ती किंचाळली, खालून कशीबशी सुटली आणि परत गाडीखाली पळाली. कोंबड्याच्या चोचीत तिचं पीस राहिलं.

सगळ्यांनी बघितलं.

“रोज असंच चालतं?” बाबांनी विचारलं.

सुदामने बापाकडे बघितलं.

बोलली ती मंदा. “मी डालगं टाकून झाकला हुता त्याला. एकदाच. तेवढ्या येळात कोंबड्या दाणं टिपत हुत्या… मामंजींनी डालगं लाथंनं उडवलं. आन् मला…”

तिचा हात गालावर गेला.

“तोंड वर करून सांगतीया बघा!” रंगराव कडाडला. “म्हसोबाचा कोंबडा हाय त्यो! सुदामच्या लग्नात देवाच्या नावानं सोडलाय. त्याला मारायचं न्हाई, हाकलायचं न्हाई, आन् कोंडायचं तर नावच काढायचं न्हाई. हिनं कोंडला! देव कोपणार न्हाई तर काय करंल?”

आमच्याकडे सोडतात असा कोंबडा. तो कापत नाहीत, विकत नाहीत. फिरतो, खातो, आपल्या मरणाने मरतो. रीत आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण देवाला सोडला म्हणून त्याने केलेलं कुणाला दिसूच नये? खुराडं धुतलं, राख चोळली, सुनेच्या मुस्काटात मारली, आणि अंगणाच्या मधोमध चाललेलं दिसलं नाही! अरे, डोळे कशाला दिलेत?

बाबांनी शांतपणे विचारलं, “त्याला कुणीच काही म्हणत नाही?”

“कोण म्हणंल? छाती हाय का कुणाची?”

बाबा उठले. गोठ्याच्या भिंतीला कोंबड्या झाकायचं वेताचं डालगं उपडं टाकलेलं होतं, ते त्यांनी आणलं. कोंबडा माणसाला कसला भितोय, एका मंदाशिवाय त्याला कुणी कधी हटकलेलंच नव्हतं. तो टिपत राहिला. बाबांनी डालगं अलगद त्याच्यावर ठेवलं आणि वर हात दाबून शेजारीच उकिडवे बसले.

आत थयथयाट सुरू झाला. डालगं हलायला लागलं.

गाडीखालून एक कोंबडी बाहेर आली. थबकली. मग दुसरी आली, मग सगळ्याच. त्या अधाशासारख्या ज्वारीवर तुटून पडल्या.



मग सुदाम पुढे आला आणि त्याने मंदाची ट्रंक उचलली. मला वाटलं, हा नेभळट आता बायकोला वाटेला लावतोय. मंदाच्या बापालाही तेच वाटलं असणार, तो टोपी घालून उठला.

पण सुदाम ट्रंक घेऊन घरात निघाला.

“ठेव खाली!” रंगराव ओरडला.

ट्रंकेची कडी खडखड वाजत होती. त्याने मागे वळून बघितलं नाही. उंबरा ओलांडून आत गेला. मंदा वडिलांपाशी गेली, त्यांचा हात धरला आणि त्यांना घेऊन ती पण आत गेली.

रंगरावाचा सगळा जाळ आता बाबांकडे वळला.

“काढा त्याला भाईर! देवाच्या कोंबड्याला कोंडताय? माझ्या दारात? आवो, या घरात माझ्याफुडं आजपातूर कुणी ब्र काढला न्हाई! मला बोलायची कुणाची टाप न्हाई!”

बाबांनी वर बघितलं. त्यांच्याजवळ माझं निम्मं आयुष्य गेलं, पण त्यांना इतकं संतापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही.

“हा म्हसोबाच्या नावानं सोडलाय, रंगराव… तुला कुणाच्या नावानं सोडलाय?”