खाली गेलेली रेघ

एका तालुक्याच्या गावात, पाण्याच्या टाकीजवळच्या आळीत, हेरंब नावाचा एक गृहस्थ राहत होता. बाजारपेठेत त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. घरी बायको शलाका आणि म्हातारी आई. माणूस वाईट नव्हता. आईला कधी वेडंवाकडं बोलला नव्हता, घरात कुणाला काही कमी पडू दिलं नव्हतं. फक्त काही वाया गेलेलं त्याला बघवत नसे.

एकदा त्याने घरात वीज मोजणारं यंत्र बसवून घेतलं. वायरमनने मेन स्विचजवळच्या तारांना ते जोडून दिलं. तेव्हापासून घरात कुठलंही बटण दाबलं की हेरंबच्या मोबाइलवर एक रेघ वर चढायची, बंद केलं की खाली यायची. दुकानात बसल्या बसल्या त्याला सगळं दिसू लागलं.

सुरुवातीला त्याचा फायदाच झाला. जुना फ्रिज नको तेवढी वीज ओढतोय हे कळलं. टाकी भरून वाहिली तरी पाण्याची मोटर चालूच राहते हेही कळलं. हेरंब खूश झाला. मग हळूहळू रेघ जरा वर चढली की तो घरी फोन करू लागला.

"आई, सकाळी गीझर बराच वेळ चालू होता का गं?"

"हो रे. गुडघे धरले होते, म्हणून गरम पाण्याने शेकत बसले."

"बरं बरं. काही नाही, सहज विचारलं."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारी. कधी टीव्हीबद्दल, कधी पंख्याबद्दल. आवाज चढवून नव्हे, अगदी प्रेमाने. थंडीचे दिवस होते. आई गार पाण्याने अंघोळ करू लागली. दुपारचं कीर्तन ती टीव्हीवर ऐकायची, ते बंद झालं. संध्याकाळी अंधार पडला तरी सून घरात येईपर्यंत ती दिवा लावीना. एकदा तिने मुलाला विचारलं, "अरे, देवघरातला तो छोटा बल्ब चालेल ना?"

हेरंब हसला. "अगं, त्याला कितीशी वीज लागते! तो चालेल."

शलाकाने हे ऐकलं. रात्रीचं जेवण झाल्यावर ती म्हणाली, "अहो, आईंना विचारत जाऊ नका. त्या घाबरतात."

"मी कधी नको म्हटलंय का तिला? नुसतं विचारतो."

"त्यांना ते नको म्हटल्यासारखंच वाटतं."

हेरंबने मोबाइल तिच्यापुढे धरला. "पण बघ ना, रेघ किती खाली आली आहे."

त्याच हिवाळ्यात शलाकाच्या वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती माहेरी गेली. एके दिवशी सकाळी हेरंब लवकर निघाला. आई अजून अंथरुणात होती. "येतो गं," असं दारातूनच म्हणून तो दुकानात गेला.

त्या दिवशी रेघ वर चढलीच नाही. गीझर नाही, मिक्सर नाही, दिवा नाही. फ्रिजचा तेवढा बारीकसा उंचवटा अधूनमधून दिसे, बाकी सरळ. हेरंबला राहवेना. ओळखीचं एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने मोबाइल दाखवला.

"पाहा, सकाळपासून जवळजवळ काहीच नाही!"

गिऱ्हाईक म्हणालं, "घरी कुणी नाही वाटतं?"

"आहे की. आई आहे," हेरंब म्हणाला आणि वह्यांचा गठ्ठा बांधू लागला.

दुपारी शलाकाचा फोन आला. "अहो, आई फोन उचलत नाहीत. कितीदा लावला. जरा घरी जाऊन येता का?"

हेरंबने रेघेकडे पाहिलं. "झोपली असेल. घरात सगळं ठीक आहे, मला इथून दिसतंय."

"तुम्हाला आई दिसतायत का? जाऊन या ना. हाकेच्या अंतरावर तर आहे घर."

"गिऱ्हाइकांची गर्दी आहे गं. दुकान कुणाच्या भरवशावर टाकू? संध्याकाळी जातोच आहे."

शलाकाने फोन ठेवला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा घर अंधारात होतं. त्याने हाक मारली. उत्तर आलं नाही. न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत ओल्या फरशीवर आई पडली होती. सकाळी दिवा न लावताच ती आत गेली होती आणि पाय घसरला होता. लुगडं भिजलेलं, अंग बर्फासारखं गार. हेरंबचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

"राहू दे रे," आई पुटपुटली. "कशाला लावतोस? मला दिसतंय."

तो तिथेच खाली बसला आणि ओरडून शेजाऱ्यांना बोलावू लागला.

दवाखान्यात डॉक्टरांनी खुब्याचं हाड मोडल्याचं सांगितलं. पण त्यांना हाडापेक्षा काळजी वाटत होती ती दिवसभर लागलेल्या गारठ्याची. गारठा छातीत उतरला होता. "जरा आधी आणायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले. पुढचे काही दिवस आईला धाप लागत राहिली. हेरंब तिचे तळवे चोळत उशाशी बसून होता. ती त्याच्यावर रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. एका सकाळी तिचा श्वास थांबला.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. शलाकाने घर झाडलं, सासूचं लुगडं घडी करून ठेवलं आणि मग पहिल्यांदाच नवऱ्याला विचारलं,

"मी दुपारी फोन केला, तेव्हा आई शुद्धीवर होत्या ना?"

"हो," हेरंब म्हणाला. "हाका मारत होती. तिनेच सांगितलं."

शलाकाने पुढे काही विचारलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. ती त्याला जेवायला वाढायची, त्याच्याशी कामापुरतं बोलायची. बस.

हेरंबने वायरमनला बोलावून यंत्र काढून टाकलं. दोष यंत्राचा नव्हता, हे त्यालाही कळत होतं. म्हणूनच ते काढल्यावरही त्याला हलकं वाटलं नाही.

तात्पर्य: घरात वीज किती लागली, हे यंत्र सांगेल. घरातलं माणूस कसं आहे, हे मात्र त्याच्याजवळ जाऊनच बघावं लागतं. आणि तेही वेळेत.