पलीकडच्या शहराची स्वस्ताई

फार वर्षं झाली या गोष्टीला. एका रुंद नदीच्या दोन काठांवर दोन शहरं होती. अलीकडचं महाग आणि पलीकडचं स्वस्त, एवढंच लोकांना ठाऊक होतं.

अलीकडच्या शहरात हैबती नावाचा एक तांबट राहत असे. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर छिन्नीनं नावं घालायची, हे त्याचं काम. हात इतका सफाईदार, की त्यानं घातलेलं नाव डोळे मिटून बोटांनी वाचावं. पण कमाईतलं हातात काही उरत नसे. अर्धी घरभाड्यात जाई. त्यावर गल्लीची पट्टी वेगळी: विहिरीच्या डागडुजीची, गस्तवाल्याची, आजाऱ्यांच्या पेजेची. जेवताना हैबतीच्या तोंडी एकच विषय असे.

"पलीकडं भाडं आपल्या चौथाईनं आहे म्हणे. ज्वारी निम्म्यानं, तेल त्याहून कमी. आणि पट्टी तर नाहीच!"

"इतकं स्वस्त कशानं असेल हो?" त्याची बायको सुंद्रा विचारी.

"कशानं का असेना. आपल्याला काय करायचंय?"

शेवटी एक दिवस हत्यारांची पेटी घेऊन तो होडीत बसला. बस्तान बसलं की तुला न्यायला येतो, असं सुंद्राला सांगून गेला.

तो पलीकडं पोचला तेव्हा भर दुपार होती. रस्ते झाडलेले, दुकानं भरलेली, माणसंही पुष्कळ होती. पण कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. वहाणांचा तेवढा आवाज येत होता.

किल्ल्यांचा जुडगा घेतलेल्या एका म्हाताऱ्यानं त्याला एक घर उघडून दिलं. भाडं ऐकून हैबतीला हसूच फुटलं. घरात खाट होती, गोधड्या होत्या, चुलीजवळ मिठाची अर्धी बरणी होती. दोरीवर कुणाचा तरी परकर वाळून कडक झाला होता.

"आधीचे बिऱ्हाडकरू कुठं गेले?" हैबतीनं विचारलं.

म्हातारा दारातच थांबला. "इथं कुणी कुणाची चौकशी करत नाही," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर परवडतं. ज्याला चौकशी करायची असेल, त्यानं किल्ली परत द्यावी."

हैबतीनं किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवसापासून कामाची रीघ लागली. पण भांड्यावर नाव घालून घ्यायला कुणी येईना. सगळ्यांना नाव काढून हवं होतं. "घासून कोरं करा," एवढंच म्हणत आणि दुप्पट मजुरी ठेवून जात. एका जाड्या गृहस्थानं पोचा आलेला एक हंडा कोरा करून नेला. पंधरा दिवसांनी तोच हंडा एका बाईच्या कडेवर दिसला. ते गृहस्थ मात्र पुन्हा कुठं दिसले नाहीत.

हैबतीनं मग स्वतःला सवय लावून घेतली. भांडं हाती आलं की नाव वाचायचंच नाही. नुसतं घासायचं.

एके दिवशी मात्र एक घागर आली आणि त्याची बोटं थबकली. घासायच्या आधीच बोटांनी अक्षरं ओळखली. 'अंबू.' ही अक्षरं त्यानंच घातलेली होती. अंबू शिंपीण त्याची जुनी शेजारीण. सुंद्रा आजारी होती तेव्हा तिनंच आठ दिवस त्यांचं घर सांभाळलं होतं. गेल्या वर्षी स्वस्ताई ऐकून ती इकडं आली होती.

ही घागर तुम्हाला कुठं मिळाली? प्रश्न ओठापर्यंत आला. कमरेची किल्ली पोटाला टोचली. हैबतीनं घासायला सुरुवात केली.

त्यानंतर आठवड्याभरात त्याला ताप भरला. तीन दिवस तो अंथरुणातून उठला नाही. खिडकीबाहेरून पावलं जात होती, पण दाराशी एकही थांबलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी कुलपात किल्ली फिरली. म्हातारा आत आला, मागोमाग दोन शेजारी.

"झालं रिकामं," खाटेकडं बघत म्हातारा म्हणाला.

एकानं हैबतीच्या अंगावरची गोधडी ओढून घेतली. "अजून ऊब आहे," तो म्हणाला. दुसऱ्यानं हत्यारांची पेटी उचलली.

"अहो, मी इथंच आहे!" हैबती ओरडला. कुणाची मानसुद्धा वळली नाही. त्यानं धडपडत म्हाताऱ्याचा दंड धरला. बोटांची मूठ मिटली, पण मुठीत दंड आलाच नाही.

इतक्यात रस्त्यावरून हाक आली. दोन महिने काही निरोप नाही म्हणून सुंद्रा नदी ओलांडून आली होती. दारोदार विचारून थकली, पण कुणी उत्तर देईना. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. आता भर रस्त्यात उभी राहून ती ओरडत होती, "हैबती! अहो हैबती तांबट! कुठं आहात तुम्ही?"

हैबतीच्या छातीत श्वास भरला. "ओ!" त्याच्या तोंडून आलं.

शेजाऱ्याच्या हातातली गोधडी गळून पडली. तिघंही भिंतीला चिकटले.

सुंद्रानं आत धावत येऊन त्याचा हात धरला. "चला, होडी थांबलीय."

"अंबू इथं आहे, सुंद्रे," हैबती म्हणाला. "तिचं नाव मी घासून टाकलं. ओळखून घासलं."

"इथं चौकशी चालत नाही!" म्हातारा किंचाळला. हैबतीनं किल्ली त्याच्या पायाशी टाकली.

नवरा-बायको गल्लोगल्ली हाका मारत निघाले. "अंबू! ए अंबू!" खिडक्या धडाधड लागत होत्या. शेवटी एका घरातून, नवं बिऱ्हाड जेवायला बसलं होतं त्यांच्या पाठीमागून, बारीक आवाज आला, "ओ."

चुलीशेजारी अंबू उभी होती, धुरासारखी फिकट. "मला हाक मारलीत का कुणी?" तिनं विचारलं.

"आम्ही मारली," सुंद्रा म्हणाली. "घरी चल."

तिघं काठावर आली. होडीत पाय ठेवताना हैबती थांबला. त्यानं शंभरेक तरी भांडी कोरी केली होती, आणि प्रत्येकावर कुणाचं तरी नाव होतं. तो शहराकडं वळला आणि हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. पण त्याला एकही नाव आठवेना. त्यानं ती वाचलीच नव्हती.

समोरच्या खिडक्यांमागं कुणीतरी कान देऊन उभं असल्यासारखं वाटत होतं. नावाड्यानं दोनदा चला म्हटलं, तरी हैबती तसाच उघड्या तोंडानं उभा राहिला.

तात्पर्य: राहायला शहर निवडताना तिथले दर पाहण्याआधी एवढं पाहावं, की आपण दिसेनासे झालो तर तिथं आपल्याला कोण हाक मारील, आणि आपण तिथं कुणाकुणाची नावं लक्षात ठेवू.