साळिंदराच्या बिळातली रांग

फार जुनी गोष्ट आहे. नीट ऐका, मी पुन्हा सांगणार नाही.

नदीकाठी एक हिरवंगार जंगल होतं. डोंगरापलीकडचं रान वणव्यात जळालं आणि तिथले प्राणी या जंगलाच्या वेशीवर आले. जंगलाची प्रमुख होती एक हत्तीण. तिच्या होकाराशिवाय आत जायचं नाही, असा नियम होता. ज्याला राहायचं असेल त्याने मातीच्या चकतीवर पायाचा ठसा द्यायचा. वेशीवरच्या साळिंदराने ती हत्तिणीला दाखवून उत्तर आणायचं.

साळिंदर चकत्या घेई, बिळात रांगेने मांडी आणि झोपून जाई. बाहेर कोणाला काही कळत नसे. एकदा सशाने आपल्या चकतीचं काय झालं, असं विचारलं. साळिंदराने काटे फुलवले.

"विचारतोस? तुझी चकती आता शेवटी."

तेव्हापासून सगळे गप्प. वर त्याला रोज नमस्कार.

मग टिटवी आली. तिला अंडी घालायची होती आणि अंडी काही थांबत नाहीत. आपण विचारणार, असं तिने सांगितलं. हरीण घाबरलं. तुझ्यापायी आमचंही बिघडेल, असं म्हणू लागलं.

टिटवी म्हणाली, "एकाने विचारलं तर तो शेवटी जातो. सगळ्यांनी विचारलं तर शेवटी कोण?"

हरीण विचारात पडलं. माकडाला मात्र हसू फुटलं.

सकाळी पहिल्या नंबरच्या हरणाने विचारलं. त्याची चकती शेवटी गेली. मग माकडाने विचारलं, मग कोल्ह्याने, मग सशाने, सर्वांत शेवटी टिटवीने. साळिंदर चकत्या ओढून ओढून घामाघूम झाला. बघतो तर रांग पहिल्यासारखीच. हरीण पुढे, टिटवी मागे.

"साळिंदरकाका, दमलात," टिटवी म्हणाली. "आता पुन्हा हरणापासून सुरू करू का?"

सगळे इतके हसले की हत्तीण बघायला आली. वेशीवर कोणी आलंय, हेच तिला ठाऊक नव्हतं. तिने चकत्या बाहेर मोकळ्या खडकावर मांडायला लावल्या आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला उत्तर दिलं. नदीकाठी पक्ष्यांची अंडी असतात, म्हणून कोल्ह्याला नकार मिळाला. कारण तोंडावर सांगितलं. तो चिडला, पण ताटकळत बसला नाही, दुसऱ्या रानाच्या वाटेला लागला.

टिटवीने नदीच्या वाळूत चार अंडी घातली. साळिंदर अजून वेशीवरच आहे, पण काम खडकावर करतो. येणारे-जाणारे विचारतात आणि तो मुकाट्याने सांगतो.

लक्षात ठेवा, विचारणारा एकटा पडला की भीती राज्य करते, सगळे विचारू लागले की कारभार उजेडात येतो.