देवाच्या रथावरचा दावा

नदीकाठच्या एका गावी एक वृद्ध आचार्य राहत. एके सकाळी त्यांच्या शिष्याने त्यांचे पाय धरले. "गुरुजी, माझ्या वडिलांना समजवा. उद्या ते न्यायसभेत जाणार आहेत. मला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

त्याचे वडील देवाच्या रथाला मोगरी लावत. उतारावर रथ धावू लागला की चाकाखाली लाकडी मोगरी सरकवून तो आवरायचा, हे मोठ्या मानाचे आणि तितकेच जिवावरचे काम. गेल्या उत्सवात रथाचा आस मोडला, चाक अंगावर आले आणि त्यांचे दोन्ही पाय गेले. आसाला तडा गेल्याचे सुताराने आधीच सांगितले होते. पण रथाची व्यवस्था पाहणारा व्यापारी म्हणाला होता, "यंदा निभावेल." नंतर त्याने घरी शाल आणि नारळ पाठवला. गावाने मान डोलावली, देवाची मर्जी! माणसाची हयगय देवाच्या नावावर खपवण्याची आपली सोय फार जुनी आहे. वडिलांनी मात्र व्यापाऱ्यावर भरपाईचा दावा लावला. 'हा तर देवाकडूनच पैसे उकळतोय,' असे लोक म्हणू लागले आणि शिष्य शरमेने अर्धा झाला.

"दावा मागे घ्यायलाही तिथवर जावंच लागेल," आचार्य म्हणाले. "उद्या त्यांना पाठीवर घेऊन चल. गाडी जुंपू नकोस."

ही कसली आज्ञा, हे शिष्याला कळेना. तरी दुसऱ्या दिवशी वडिलांना पाठीवर घेऊन तो भर बाजारातून निघाला. बरोबर आचार्य होते. लोक बघत होते, आणि त्याची मान वर होत नव्हती. अर्ध्या वाटेत त्याची चाल मंदावली.

"टेकव मला जरा," वडील हळूच म्हणाले. "जन्मभर असं तुझ्या पाठीवर बसायचं नाही, म्हणून तर मागतोय रे. नाहीतर तुझं शिकणं सुटेल."

शिष्याला रडू आवरेना.

आचार्य म्हणाले, "पाय गेले, पण पायांचं काम कुठे गेलं? ते कुणाला तरी करावंच लागतं. ज्याच्या हयगयीनं हे घडलं त्यानं भार उचलला नाही, तर तो तुझ्या पाठीवर येतो. न्यायसभेत एवढंच ठरायचं आहे. यात मागणाऱ्यानं का लाजावं? त्या व्यापाऱ्याच्या वाटणीची लाज तू फुकट वाहतो आहेस."

"गुरुजी, आता मला माझीच लाज वाटते आहे."

"ती राहू दे थोडी," आचार्य म्हणाले.

न्यायसभेत व्यापारी आधीच येऊन बसला होता. कारकुनाने वडिलांना विचारले, "दावा मागे घेताय, असं कानावर आलंय. खरं का?"

वडिलांनी मुलाकडे पाहिले.

"नाही," शिष्य म्हणाला. "दावा कायम आहे."

"आणि तू कोण?"

"मी यांचा मुलगा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला.