इथं निरगाठ मारत नाहीत

आमच्या पळसवाडीच्या खाली, डोंगर संपून माळ सुरू होतो तिथं, जांभवती नदीला एक मोठं वळण आहे. त्या वळणावर पात्रात आडवा एक काळा खडक पडलेला आहे. आजूबाजूचा सगळा दगड भुरा, मातकट. हा एवढाच काळाभोर, आणि या काठापासून त्या काठापर्यंत पीळ घातलेल्या दोरीसारखा लांबच लांब. त्याला दोरखडक म्हणतात. त्याच्यावर ओळीनं सात गोल खळगे आहेत, कुणीतरी बसून घासून काढावेत इतके गुळगुळीत. उन्हाळ्यात नदी आटते, डोंगर तांबूस होतो, कुसळांशिवाय काही उरत नाही. पण या सात खळग्यांतलं पाणी आटलेलं माझ्या सासूनं कधी पाहिलं नाही, आणि तिच्या सासूनंही नाही.

आता त्या वळणावर, करंजाच्या झाडांखाली, शहराकडची माणसं तंबू ठोकून राहायला येतात. माझे मालक तंबूंचं बघतात, मी चुलीवर भाकरी थापते. आणि दिवस कलला की आमचे येसू आबा, म्हणजे माझे चुलत सासरे, काठी टेकत प्रत्येक तंबूपाशी जातात आणि दोऱ्यांच्या गाठी तपासतात. निरगाठ दिसली की खाली बसतात, ती सोडतात आणि सुरगाठ मारून देतात. एक टोक ओढलं की सुटेल अशी.

गेल्या माघात एक साहेब वैतागले. म्हणाले, "अहो आबा, मी अर्धा तास खपून बांधलंय ते. वारा सुटला तर तंबू जाईल की उडून!"

"जाऊ दे की," आबा म्हणाले. "तंबूच हाय. धरून आणू."

"पण घट्ट बांधलं तर बिघडतं काय?"

"ते सांगायला बसावं लागंल. पोरास्नी जवळ घ्या."

माझा शौर्य तेव्हा नुकता धरून धरून चालायला लागला होता. नदी समोरच. चुलीपाशी बसले की मी त्याच्या कमरेला जुन्या साडीची पट्टी बांधायची आणि दुसरं टोक करंजाला. जाता जाता आबांनी तीही गाठ सोडून सुरगाठ मारली. त्या दिवशी मी पहिल्यांदा ही गोष्ट पुरती ऐकली. आबा सांगतात तशीच सांगते.

फार मागची गोष्ट. तेव्हा इथं वाडी नव्हती, देऊळ नव्हतं. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन डोंगर उतरायचे आणि या वळणावर तळ टाकायचे. त्यांच्यात धुळा नावाचा एक मेंढका होता. त्याची बायको ठकूबाई. तिची थोरली लेक आदल्या वर्षी याच नदीच्या डोहावर पाणी प्यायला वाकली आणि परत आली नाही. डोहात साती आसरा राहतात, पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडं बायका अजून त्यांना हळदकुंकू वाहतात, हिरव्या बांगड्या देतात आणि त्यांचं नावही हळूच घेतात. सगळे म्हणाले, आसरांनी पोर नेली.

पुढल्या वर्षी तळ परत इथंच पडला. आता तिच्या कडेवर लेक होता, बिरू. रांगून झालेलं, उभं राहू बघणारं पोर. धुळा तिला म्हणाला, आपण तळ वर टाकू, नदीपासून लांब. पण पाणी इथंच, चारा इथंच. चार घरांची मेंढरं एका बाईच्या भीतीपायी कशी हलणार?

मग ठकूबाईनं काळ्या मेंढीची लोकर घेतली. चातीवर कातली, पीळ घातला, आणि मनगटाएवढी जाड दोरी वळली. एक टोक बिरूच्या कमरेला, दुसरं पात्रातल्या एका सुळक्याला. तिला त्या सुळक्याच्या सावलीत धुणं-भांडी करता यायची, पोर डोळ्यांपुढं राहायचं. दोरीला तिनं सात गाठी मारल्या. एकेक गाठ आवळताना डोहाकडं बघून एकेका बहिणीला म्हणाली, "बाई, तुला इथं बांधली. ही गाठ सुटल्याबिगर तुला हलता यायचं न्हाई."

सासूनं ते ऐकलं. कोंडाबाई तिचं नाव, जिभेनं तिखट. "आगं ठके, आसरास्नी कुणी बांधतं का? आन् पोराला दावं लावलंस, आता उद्या कडबा टाक त्याच्या म्होरं!"

तळावर सगळे हसले. ठकूबाई हसली नाही. तिनं सातवी गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

आणि नदी थांबली, असं सांगतात.

आटली नाही, थांबली. पात्रात पाणी होतं तेवढंच होतं, पण हलेना. करंजाचं पान पडलं की जिथं पडलं तिथंच तरंगत राहायचं. खडकांमधून पाण्याचा तो बारीक आवाज येतो ना, जो आपल्याला ऐकू येतो हेही आपल्याला कळत नाही, तो बंद झाला. तो बंद झाल्यावर सगळ्यांना कळला. मेंढरं पाण्याशी जायची, हुंगायची आणि न पिता मागं फिरायची. वर डोंगराच्या घळीत गेलेला एकजण धावत आला. म्हणाला, तिथं पाणी भिंतीसारखं उभं राहिलंय, चढतंय, आणि पुढं येत नाही.

सगळे ठकूबाईकडं बघायला लागले.

"सोड गं," कोंडाबाई म्हणाली. आता तिच्या बोलण्यात तिखट नव्हतं. "मी हात जोडते. सोड."

"आज सोडली की आजच नेतील," ठकूबाई म्हणाली. "तुमची नात नेली तेव्हा तुमी कुठं व्हता?"

धुळानं दोनदा गाठीला हात लावायला बघितलं, तर ठकूबाई त्याच्या अंगावर धावून गेली. लेकरू मात्र मजेत. दोरीचं टोक पाण्यात बुडवायचं, चोखायचं, परत बुडवायचं. लोकर भिजली, फुगली, गाठी आवळत गेल्या. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग एका दुपारी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, बसलेली सगळी मेंढरं एकदम उठली. कुणी हाकलली नाहीत. माना वर करून त्यांनी डोंगराकडं बघितलं आणि वळून टेकाडावर चढायला लागली. पाठोपाठ खुरांचा आवाज आला. ठकूबाई तेव्हा तळापलीकडच्या झुडपांत सरपण मोडत होती. तिला वाटलं, आपलीच मेंढरं उधळली. धनगराच्या बाईला दुसरं काय वाटणार? ती मोळी बांधत राहिली. मग तिनं मान वर केली, तर मेंढरं टेकाडावर गुमान उभी होती. आणि खुरांचा आवाज वाढतच होता.

ती पळाली. तळावरची माणसं पोराबाळांना घेऊन टेकाडाकडं धावत होती. धुळा चारा कापायला पलीकडच्या काठावर गेला होता. ठकूबाई पात्रात उतरली, सुळक्याशी पोचली आणि गाठीला हात घातला. गाठ दगडासारखी. नखं तुटली. दात लावले, तर दातांतून रक्त आलं. तिनं पोराच्या कमरेतून दोरी खाली सरकवायला बघितली, पण तिथंही तिनं स्वतःच घट्ट आवळलेली. अंगाला दोरी रुतलेली.

"कोयता!" ती ओरडली. "आवं, कोयता टाका!"

धुळानं पलीकडून कोयता फेकला. तो तिच्या पायाशी पडला. तिनं उचलला आणि दोरीवर हाणला. ठिणगी उडाली. परत हाणला. कोयत्याची धार वळली, दोरीचा एक धागा तुटला नाही.

वळणावर पाणी दिसलं. आबा म्हणतात, ते पुरासारखं लोळत आलं नाही. उभं आलं. गढूळही नव्हतं, स्वच्छ, हिरवं, माणसाच्या दोन पट उंच, आणि त्याच्या पोटातून पलीकडचा डोंगर दिसत होता. तळावरच्या म्हाताऱ्या माणसांनी तिथंच गुडघे टेकले.

ठकूबाईनं कोयता टाकून दिला. बिरूला मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी आवळून धरलं. पाणी आलं आणि त्या दोघांपासून हातभर अंतरावर थांबलं. चहूकडं पाणी, मध्ये विहिरीच्या तळाएवढी कोरडी जागा, आणि त्यात एक बाई पोराला कवटाळून बसलेली.

किती वेळ गेला कुणी सांगत नाही. बिरू रडायला लागला. आईनं इतकं घट्ट धरलं होतं की त्याला श्वास घेता येईना. ते रडणं तिनं ऐकलं. मग तिनं मान वर केली आणि त्या पाण्याला म्हणाली,

"बायांनो, भ्याले म्हणून बांधलं तुमास्नी. तुमच्या गाठी माझ्यानं सुटंनात. आता मी हात सोडते. न्यायचं असंल तर न्या. द्यायचं असंल तर द्या."

आणि तिनं दोन्ही हात पोराच्या अंगावरून काढले, म्हणे. दोन्ही हात उघडे करून मांडीच्या बाजूला ठेवले. इथं आले की आबा आपलेही दोन्ही हात उघडून मांडीशी ठेवतात. त्या माघातल्या साहेबांची बायको तेव्हा आपल्या मुलीला ओढून कुशीत घेत होती, मला दिसलं. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले.

पाणी हळूच आत आलं. घोट्याला लागलं, कमरेला लागलं, पोराच्या छातीला लागलं. बिरू रडायचा थांबला. काठावरच्यांनी बघितलं, पहिली गाठ सुटली. पाण्याखाली कुणीतरी बोटं चालवावीत तशी, न ओढता, न झटकता, उलगडली. मग दुसरी. कुणी सांगतात, पाण्यात हिरव्या बांगड्या चमकल्या. कुणी म्हणतात, ऊन होतं ते. आबा म्हणतात, आपण वाद घालायचा नाही. एकेक गाठ सुटायची तसं पाणी एकेक वीत उतरायचं आणि खाली नदी चालू झाल्याचा आवाज यायचा, झऱ्याचा असतो तसा. सातवी गाठ पोराच्या कमरेची. ती सुटली तेव्हा पाणी घोट्याएवढं राहिलं होतं.

आणि बिरू उभा राहिला. तोवर ते पोर धरल्याशिवाय कधी चाललं नव्हतं, दोरीपलीकडं कधी गेलं नव्हतं. ते उठलं, दोन्ही हात पसरले आणि दोरी पडली होती तिच्यावरून, पाय टाकत टाकत, काठाकडं निघालं. दोन्ही बाजूंनी नदी भरून वाहत होती. ठकूबाई जागची हलली नाही. हात तसेच उघडे. पोर डगमगलं तेव्हा तिच्या घशातून आवाज निघाला, पण ती उठली नाही. काठावर कोंडाबाई पदर पसरून बसली होती. बिरू चालत गेला आणि आजीच्या पदरात पडला.

मग सगळ्यांनी वळून बघितलं. त्याच्या पावलांखालची दोरी खडक झाली होती. जिथं जिथं गाठ होती तिथं खळगा पडला होता, आणि त्यात पाणी होतं.

ठकूबाई पुढं पुष्कळ जगली. दर साली तळ इथं पडला की ती घरोघर फिरायची आणि गाठी बघायची. मेंढराचं दावं, पालाची दोरी, पोराची झोळी. निरगाठ दिसली की खाली बसून सोडायची. तिच्यामागं तिची सून, मग तिची सून. धनगरांचा तळ पुढं गेला, वाडी वसली, आणि ते काम आमच्या घरात आलं.

गोष्ट संपल्यावर ते वैतागलेले साहेब उठले आणि आपल्या हातानं राहिलेल्या गाठी सोडायला लागले. सुरगाठ त्यांना येईना. आबांनी हसत शिकवली.

मी आबांना एकच विचारलं. सातव्या खळग्याच्या कडेला एक आठवा आहे, बाळाच्या पावलाएवढा. त्याचं तुम्ही सांगितलं नाही.

आबा काठी टेकत उठले. म्हणाले, "तो थोरलीचा. त्याचं सांगायचं नसतं. भाकरीचा तुकडा ठिवायचा."

आजही आमच्या वाडीत पोर चालायला लागलं की त्याला दोरखडकावर नेतात. नदी उतरलेली असते तेव्हाच, आणि मोठी माणसं दोन्हीकडं उभी राहतात. आई त्याला सातव्या खळग्याजवळ उभं करते, खळग्यातल्या पाण्यात बोट बुडवून त्याच्या पायाला लावते आणि दोन्ही हात काढून घेते. समोर आजी पदर पसरून बसते. तोवर कुणी बोलत नाही. तंबूतली माणसंही भांडी ठेवून काठावर येऊन उभी राहतात, त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

होळीच्या आधी आम्ही शौर्यला नेलं. आठव्या खळग्यात मी भाकरीचा तुकडा ठेवला. सासूबाई समोर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सोड आता."

सोडताना माझी बोटं उघडेनात. नदीचा आवाज येत होता. मी हात उघडले आणि बाजूला धरले.

तो उभा राहिला. त्यानं मागं वळून माझ्याकडं बघितलं, मग चालायला लागला.